बिनटाक्याचं आणि बिनबुडाचं

‘ना कापाकापी, ना टाके, ना वेदना. मूळव्याध कायमची बरी. आज ऑपरेशन, उद्या कामावर.’ शब्द थोडे इकडचे तिकडे होतील. पण नगर-मनमाड रस्त्यानं राहुरीपासून कोपरगावपर्यंत जा, नाहीतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या स्टँडबाहेर उभे राहा, या आशयाची पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. पाटीवर लाल किरण असतो, हसतमुख जोडपं असतं आणि खाली मोबाइल नंबर. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्यांवरचा पत्ता बदलला, मजकूर मात्र होता तसाच राहिला.

या पाट्यांमागे आता एक सिद्धान्तही उभा राहिलाय. तो असा की, मोड कापून काढण्याचं जुनं ऑपरेशन कालबाह्य झालं. जो सर्जन ते अजून करतो तो एकतर सरकारी दवाखान्यातला असणार, नाहीतर नवं शिकायचा कंटाळा केलेला. लेसर किंवा स्टेपलर म्हणजे प्रगती आणि चाकू म्हणजे मागासलेपण. शिकले-सवरलेले लोकही हे बेधडक बोलतात. त्याला माझा साफ विरोध आहे. मूळव्याध खरोखर वाढलेली असेल, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचे मोठे मोड किंवा चौथा टप्पा असेल, तर मोड कापून काढणं हाच आजही सर्वांत टिकाऊ इलाज आहे. नव्या पद्धतींनी पहिले दोन-तीन आठवडे दुखणं कमी होतं, आणि त्याच्या बदल्यात त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते. हा सौदा आहे. सौदा म्हणून समजावून सांगितला तर कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण इथे घेण्याची बाजू ठळक अक्षरांत छापतात आणि देण्याची बाजू छापतच नाहीत.

आधी टप्प्यांचं पाहू, कारण सगळी लबाडी तिथूनच सुरू होते. गुदद्वाराच्या आत साधारण तीन ठिकाणी रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या तुम्हाला, मला, सगळ्यांना असतात. वारा आणि पातळ मळ रोखून धरायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं कुंथून त्यांचा आधार ढिला झाला की त्या फुगतात, घसरतात आणि त्यांना आपण मोड म्हणतो. पहिल्या टप्प्यात रक्त पडतं, मोड बाहेर येत नाही. दुसऱ्यात कुंथताना येतो आणि आपसूक आत जातो. तिसऱ्यात तो बोटानं आत ढकलावा लागतो. चौथ्यात ढकलला तरी आत राहत नाही. कपडे रक्तानं आणि चिकट पाण्यानं ओले होतात, बसणं मुश्कील होतं. पहिल्या दोन टप्प्यांतल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. इसबगोल, भरपूर पाणी, संडासात मोबाइल घेऊन अर्धा अर्धा तास न बसणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ओपीडीत मोडाच्या मुळाशी रबर बँड बसवणं. अमेरिकेतल्या बॅरन या सर्जननं १९६३ मध्ये रूढ केलेली ही बँडची पद्धत आहे. तिला भूल लागत नाही आणि ती फारशी महागही नाही.

आता पाटीवरच्या ‘कायमची बरी’ या शब्दांकडे पाहा. पाटीवर टप्पा कधीच लिहिलेला नसतो. इसबगोलनं बरा झाला असता असा पहिल्या टप्प्याचा रुग्ण घ्या, त्याला लेसर लावा, तो बरा झाला की यशाच्या खात्यात जमा करा. असे शंभर रुग्ण जमवले की लेसरचा डंका वाजणारच. त्यात लेसरचा वाटा किती आणि इसबगोलचा किती, हे विचारतो कोण? चौथ्या टप्प्याचे शंभर रुग्ण घेऊन दोन वर्षांनी त्यांचं काय झालं, हे ज्यानं मोजून दाखवलं त्याच्याशी चर्चा करता येईल.

टप्पा ठरतो तपासणीत, आणि ती तपासणी पाच मिनिटांची असते. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं. आधी बाहेरून नीट पाहायचं, मग हातमोजा घालून बोटानं आत चाचपायचं, मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून उजेडात बघायचं आणि रुग्णाला कुंथायला सांगायचं. कुंथताना काय खाली येतं, किती येतं, आपसूक परत जातं का, हे डोळ्यांनी दिसतं. ही पाच मिनिटं न देता जो फोनवरच किंवा नुसती तक्रार ऐकून लेसरचं पॅकेज सांगतो, त्याचा दवाखाना नसून दुकान आहे. रक्त पडणारी प्रत्येक जागा मूळव्याधच असते असंही नाही. गुदाशयाच्या कर्करोगातही रक्त पडतं आणि त्याची गाठ पुष्कळदा नुसत्या बोटाला लागते. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं रक्त ‘मोडाचंच’ म्हणून वर्षभर लेप आणि चूर्णावर काढायचं आणि मग उशीर झाला म्हणून कपाळाला हात लावायचा, यासारखा टाळता येण्याजोगा अनर्थ दुसरा नाही.

आता पद्धतींकडे वळू. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिन्ही जागचे मोड मुळापर्यंत सोडवायचे, रक्तवाहिनी बांधायची, मोड कापून काढायचे आणि जखमा उघड्या ठेवून आतून भरू द्यायच्या. दोन जखमांमध्ये चांगल्या त्वचेची पट्टी राखणं हे यातलं खरं कसब आहे. ती राखली की शेवटी दिसणारी जखम बेलाच्या पानासारखी त्रिदल असते. हावरेपणानं सगळंच कापलं तर भरताना गुदद्वार आकसतं. १९५९ मध्ये अमेरिकेत फर्ग्युसन यांनी याच जखमा टाक्यांनी बंद करण्याची पद्धत मांडली. या दोन्ही पद्धतींत मोड शरीरातून निघून जातो, बाहेरची लोंबणारी त्वचाही निघून जाते.

स्टेपलर ही इटलीच्या अँटोनियो लोंगो यांची १९९८ ची देणगी. एक गोल यंत्र आत घालून मोडांच्या वरच्या भागातल्या अस्तराची कड्यासारखी पट्टी कापली जाते आणि त्याच क्षणी टायटॅनियमच्या बारीक पिनांनी शिवली जाते. मोड जागेवरच असतात, ते वर खेचले जातात. त्या भागात दुखण्याच्या संवेदना फारशा नसल्यानं वेदना कमी होते, हे खरं आहे. यंत्र मात्र एकदा वापरून फेकायचं, त्यामुळे बिल वाढतं. लेसरमध्ये एक बारीक तंतू मोडाच्या आत घालून उष्णतेनं तो आतून भाजून आक्रसवतात. मोड निघत नाही, सुकतो. बाहेरची त्वचा तशीच लोंबत राहते, आणि चौथ्या टप्प्याच्या रुग्णाला बहुधा त्याच लोंबणाऱ्या भागाचा जास्त त्रास असतो. शिवाय काही ठिकाणी लेसरचा उपयोग नुसता चाकूसारखा करून मोड कापतात आणि नाव मात्र ‘बिनकापाकापी’चं देतात. त्या रुग्णाचं झालेलं असतं जुनंच ऑपरेशन, आणि बिल आलेलं असतं नव्याचं.

पुरावा काय म्हणतो? २०१५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या मूळव्याधीवरच्या ९८ चाचण्या, ७,८२७ रुग्ण, अकरा प्रकारची ऑपरेशनं. कापून काढण्याच्या उघड्या आणि बंद पद्धतींत वेदना जास्त आणि सावरायला वेळ जास्त, पण मूळव्याध पुन्हा होण्याचं प्रमाण कमी. स्टेपलर आणि मोड न कापता नुसती रक्तवाहिनी बांधण्याच्या पद्धतीत वेदना कमी, पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, लॅन्सेटमध्ये ब्रिटनची ईथॉस चाचणी आली. ३२ रुग्णालयं, ७७७ रुग्ण, निम्म्यांना स्टेपलर, निम्म्यांना पारंपरिक ऑपरेशन, आणि दोन वर्षं पाठपुरावा. पहिल्या तीन आठवड्यांत स्टेपलरवाले सुखी. सहाव्या आठवड्यापर्यंत वेदनेतला फरक संपला. आणि दोन वर्षांचा हिशेब मांडल्यावर त्रास पुन्हा सुरू झाल्याचं सांगणारे स्टेपलरच्या गटात जास्त निघाले, जगण्याचा दर्जा पारंपरिक गटाचा चांगला निघाला आणि खर्चही त्याचाच कमी निघाला. अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत बाहेर आलेल्या, तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या मूळव्याधीसाठी कापून काढण्याचं ऑपरेशन सुचवलंय, तेही ठाम शिफारस म्हणून. लेसरवरचे अभ्यास आहेत, पण बहुतांश लहान, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांचे आणि थोड्या काळाच्या पाठपुराव्याचे. त्यांच्या जोरावर चौथ्या टप्प्याच्या माणसाला ‘कायमची बरी’ असं आश्वासन देणं म्हणजे उधारीवर सोनं विकणं.

लेसरच्या बाजूनं एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याला तीन आठवडे पडून राहणं परवडत नाही. जुन्या ऑपरेशननंतर पहिल्या शौचाला डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतात. कोयता घेऊन निघायचं तर उचल आधीच घेतलेली असते, आणि फडावर आजाराला रजा नसते. त्यातल्या बाईची तर आणखी कोंडी. पहाटे अंधार असेपर्यंत आडोशाला जाऊन यायचं, दिवसभर आवरून धरायचं, वरचेवर जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. मूळव्याध वाढायला याहून सुपीक जमीन कुठली? अशा बाईनं ‘मला कमी दुखणारं करा’ म्हटलं तर तिला चूक म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण याच बाईच्या बाजूनं पुढचा हिशेब मांडा. तिचा मोड चौथ्या टप्प्याचा आहे. लेसरसाठी तिनं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. दोन वर्षांनी मोड पुन्हा बाहेर आला तर दुसरं ऑपरेशन, दुसरी उचल, दुसरा बुडालेला हंगाम. श्रीमंताला इलाज फसला तर मनस्ताप होतो, गरिबाला कर्ज होतं. म्हणून टिकाऊपणाची गरज खरी गरिबालाच जास्त, आणि ‘लवकर कामावर’ हा युक्तिवाद ज्यांच्या नावानं केला जातो त्यांच्याच मुळावर तो उठू शकतो. तोडणीचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, तीन आठवडे राखून एकदाच पक्कं ऑपरेशन करून घ्यायचा सल्ला तिला कुणी दिला का, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय वेदना म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. जुन्या ऑपरेशनबद्दल आजही ज्या हालांच्या कहाण्या सांगितल्या जातात त्यांतल्या कितीतरी जुन्या भुलीच्या आणि गुदद्वारात कोंबलेल्या बोळ्यांच्या जमान्यातल्या आहेत. आज ऑपरेशनच्या वेळीच त्या भागाच्या नसांभोवती बधिर करणारं इंजेक्शन देतात. मोड कापताना रक्तवाहिनी बंद करणारं विजेवर चालणारं साधन वापरलं तर सुरुवातीचं दुखणं कमी होतं, असं चाचण्यांत दिसलंय. मळ मऊ राहावा म्हणून आधीपासून औषध द्यायचं, वेदनाशामक गोळ्या दुखायची वाट न पाहता वेळच्या वेळी द्यायच्या, टबमधल्या कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा बसवायचं. यातलं काहीही परग्रहावरून आणावं लागत नाही. ज्यांना वेदनेची एवढी कणव आहे त्यांनी जुन्या ऑपरेशनच्या रुग्णालाही ती दाखवावी. नवं यंत्र विकतानाच ती का दाटून येते?

जुन्या ऑपरेशनचे धोके झाकायचं मला कारण नाही. लघवी अडकू शकते, आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, गुदद्वार आकसू शकतं, अडाणी हातानं स्नायू कापला गेला तर ताबा जाऊ शकतो. स्टेपलरचेही आहेत: टाक्यांच्या रेषेतून रक्तस्राव, सारखी घाईची लागणं, आणि क्वचित ओटीपोटात गंभीर जंतुसंसर्ग. धोके कुठल्याही पद्धतीत असतातच. एकाच पद्धतीचे धोके मोठ्यानं सांगणं आणि दुसरीचे गिळून टाकणं, आक्षेप याला आहे. ‘कापलं की संडासवरचा कंट्रोल जातो’ ही पारावरची अफवाही इथेच निकालात काढू. कसबी हातात, स्नायू राखून केलेल्या ऑपरेशनमध्ये असं सहसा होत नाही. होतं ते बोगस माणसानं, कसलं आहे हे न सांगता दिलेल्या इंजेक्शननं जागा सडवल्यावर, आणि मग तोच रुग्ण सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात येतो.

आता क्षारसूत्राकडे, म्हणजे आयुर्वेदातल्या क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याकडे. इथे दोन्ही बाजूंची मंडळी तलवारी उपसून तयार असतात. २०२० मध्ये केंद्रानं आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यचिकित्सकांना ठरावीक शस्त्रक्रियांची अधिकृत यादी दिली तेव्हा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर बंद पुकारला. त्या भांडणात रुग्णाच्या कामाची गोष्ट बाजूला राहिली. क्षारसूत्राला भक्कम आधार आहे तो भगंदरात, म्हणजे गुदद्वाराशेजारी नळीसारखा मार्ग होऊन पू वाहतो त्या दुखण्यात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्राच्या रुग्णांना भरून यायला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवडे लागले, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण कमी राहिलं. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं मान्य करायला हवी. पण भगंदराचा पुरावा मूळव्याधीच्या पाटीवर चिकटवायचा, हे कुठलं शास्त्र? दोन्ही दुखणी एकाच गल्लीतली असली तरी घरं वेगळी आहेत. आणि परंपरेचाच दाखला हवा असेल तर सुश्रुतानं अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, चार उपाय सांगितलेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. कुठला मोड कुठल्या उपायाचा, हेही त्यानं मोडाच्या रूपावरून वेगवेगळं सांगितलंय. मऊ, पसरलेल्या, खोल मोडांना क्षार, आणि बारीक मुळाच्या, वर आलेल्या मोडांना शस्त्र. सगळ्यांना एकच दोरा, असं सुश्रुत म्हणत नाही. सगळ्यांना एकच किरण, असं म्हणणारे लेसरवालेही त्याच्यापुढे मागासलेच ठरतात.

‘पण रुग्णच लेसर मागतो, आम्ही काय करणार?’ हा बचाव डॉक्टरांच्या तोंडी हमखास असतो. रुग्ण सलाइनही मागतो, ताकदीचं इंजेक्शनही मागतो. मागणी निर्माण करायची जाहिरातीनं आणि मग मागणीकडे बोट दाखवायचं, हा चोराच्या उलट्या बोंबांचा प्रकार झाला. ‘ग्रामीण माणसाला टप्पे-बिप्पे कळत नाहीत’ हा दुसरा बचाव तर निदान या जिल्ह्यात कुणी करू नये. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जेमतेम अक्षरओळख असलेल्या, कधी कधी तीही नसलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं आणि ते पाहायला जगभरातून माणसं आली. ज्या तालुक्यात निरक्षर बाई बाळंतपणातला धोका ओळखायला शिकली, त्या तालुक्यातल्या माणसाला ‘कमी दुखेल पण परत होण्याची शक्यता जास्त’ हे एक वाक्य कळणार नाही? खरी अडचण त्याच्या समजेची नाही. अवघड जागेच्या दुखण्याची लाज त्याला प्रश्न विचारू देत नाही, आणि त्या लाजेवरच पाटीचा धंदा चालतो. चारचौघांत ज्याची चौकशी करता येत नाही, त्या दुखण्याचा सल्ला माणूस भिंतीवरून वाचून घेतो.

कायदा काय करतो? औषधांच्या नियमावलीतल्या ‘जे’ अनुसूचीत ५१ आजारांची यादी आहे. त्या आजारांवर औषध रामबाण असल्याचा दावा करता येत नाही. त्यात मूळव्याध आणि भगंदर स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे औषधाच्या डबीवर ‘मूळव्याध समूळ नष्ट’ छापायला बंदी आहे, पण तोच दावा यंत्राच्या नावानं दहा फुटी फलकावर केला तर ती अनुसूची तिथवर पोचत नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत जाहिरात करून रुग्ण ओढणं अनैतिक ठरवलंय, ते कागदावर आहे. राज्यात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. ते लावलंय की नाही हे तपासायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. चालत जाऊन भिंत बघावी लागते. रुग्णानंही ती बघावी. नगरच्या सिव्हिलमध्ये, लोणीच्या किंवा विळद घाटाच्या मेडिकल कॉलेजात सर्जन आहेत. पॅकेजची सही करण्याआधी तिथे एक दुसरं मत घ्यायला एका दिवसाची रोजंदारी जाते, त्याहून जास्त नाही.

माझी मागणी लेसरवर बंदी घालण्याची नाही. दुसऱ्या टप्प्याच्या, बँडनं न भागलेल्या रुग्णाला, किंवा परिणाम समजून घेऊनही कमी वेदना निवडणाऱ्याला ते जरूर द्यावं. मागणी एवढीच आहे की, जो दवाखाना ‘कायमची बरी’ असं लिहितो त्यानं त्याच अक्षरांत, तेवढ्याच आकारात तीन गोष्टी लिहाव्यात: गेल्या दोन वर्षांत ऑपरेशन केलेले रुग्ण कोणत्या टप्प्याचे किती, त्यातल्या किती जणांना बोलावून पुन्हा तपासलं, आणि किती जणांचा मोड परत आला. हे आकडे ज्याच्याकडे आहेत त्यानं ते आजच लावावेत. जुनं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंही लावावेत, त्याला सूट नको. ज्याच्याकडे नाहीत, त्याला ‘कायमची’ हा शब्द वापरायचा अधिकार कुणी दिला, एवढं त्यानं सांगावं.